दोघांत एकच स्टेथोस्कोप

सोमवार, ३ जून

आलो एकदाचा. दवाखान्याच्या वरचीच खोली मिळाली. पलंग, टेबल, खिडकीखाली रस्ता, आणि नळाला दिवसभर पाणी. बायकोला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मग बाळंतपणाला मीच तिकडे येते. आठवा महिना लागलाय, जीभ मात्र आहे तशीच. म्हटलं, आधी मला तरी बूड टेकू दे.

जाहिरातीत ‘आणखी एक डॉक्टर हवा’ एवढंच होतं. मोठे डॉक्टर ऐंशीच्या पुढचे. घसा पार बसलेला, पण टाके घालताना हात शिंप्यासारखा, आणि बाटलीवरचं बारीक अक्षर चष्म्याशिवाय वाचतात. ऐकू तेवढं कमी येतं. मुलाखतीत माझी सर्टिफिकेटं उलटून पाहिली नाहीत. एका आजींच्या छातीला स्टेथोस्कोप लावायला सांगितला. मी म्हटलं, एक झडप नीट मिटत नाही, आणि आजींच्या दाढेत पेपरमिंटची गोळी आहे. आजी पदर तोंडाला लावून हसल्या. जागा मला मिळाली.

कान हीच आपली इस्टेट. औषधाच्या दुकानात बाटल्या धुऊन शिकलो. पहिली नोकरी लागली तिथे मशिनं नव्हती, म्हणून ऐकायलाच शिकलो.

गुरुवार, ६ जून

इथली एक पद्धत गमतीची. दवाखान्यात स्टेथोस्कोप एकच. आधी मी ऐकायचं, की लगेच मोठे डॉक्टर तो माझ्या कानांतून काढून स्वतःच्या कानांत घालतात. पुसू देत नाहीत. गार झाला की काही कळत नाही, म्हणतात.

कंपाउंडरबाईंना विचारलं, हे काय खूळ? त्या म्हणाल्या, आधीचे धाकटे डॉक्टर होते तेव्हा दोघांत हातमोजे एकच होते. त्यांच्या आधीचे होते तेव्हा चष्मा. आणि गोळ्यांच्या पुड्या बांधू लागल्या. बाईंना माणसाची थट्टा करायची सवय दिसते. निदान मी तसं धरून चाललोय.

मंगळवार, ११ जून

पेपरमिंटवाल्या आजी आल्या होत्या. झडप ऐकू आली, पण भिंतीपलीकडे कोणी कुजबुजावं तशी. सर्दी झाली असेल. मोठे डॉक्टर दारातच उभे होते. तिथूनच, नळी न लावता म्हणाले, आज झडप फारच फुरफुरतेय.

मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

शनिवार, १५ जून

दाढी करायला गेलो, तर शेजारच्या खुर्चीत आधीचे धाकटे डॉक्टर; न्हाव्यानंच ओळख करून दिली. माझ्याच वयाचे. दाढी झाल्यावर सोबत आलेल्या बहिणीनं त्यांच्या शर्टाची बटणं लावली, कारण त्यांचे दोन्ही हात पाण्यात पाल्यासारखे हलत होते. मला म्हणाले, तुमचं काय घेतायत? मी काही बोलायच्या आत म्हणाले, आजच निघा. मला आधी कळलं होतं, पण मी खात्री करून घेत बसलो.

टाके घालणारा तो हात डोळ्यांपुढून जाईना.

पण नुसत्या संशयावरून गाशा गुंडाळणारा मी नव्हे. येताना स्वतःचा स्टेथोस्कोप विकत घेतला.

सोमवार, १७ जून

नवा स्टेथोस्कोप छातीला लावला. काही नाही. परत करायला गेलो. दुकानदारानं तो स्वतःच्या कानांत घातला, माझ्या छातीला लावला, मान डोलावली. ओठ हलले. चांगला आहे, असं म्हणाला असावा.

दार लावून बॅग भरायला घेतली. लगेच बाई वर आल्या. कानाशी येऊन ओरडून सांगावं लागलं त्यांना. मोठ्या डॉक्टरांचा निरोप — बॅगेची चेन अडकतेय, मेण लावा. आणि छाती फार धडधडतेय, जरा पडा.

ते खाली आहेत. त्यांच्या खोलीत.

मंगळवार

निघालो होतो. बाहेरच्या दाराला कुलूप; पेशंटपुरतं उघडून बाई पुन्हा लावतात. बाईंनी मान खाली घातली.

संध्याकाळी बायकोचा फोन. नुसती घरघर, मग तीही नाही. मोठे डॉक्टर आले, फोन हातातून हळूच काढून घेतला. खूप वेळ बोलले. हसत होते. बाकावरच्या पेशंटांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग चमकून त्यांच्याकडे.

का?

बुधवार

तिला मेसेज केला. मीच येतोय, तू कुठे जाऊ नकोस.

तिचं उत्तर — असं काय करता, आत्ताच तर दवाखान्याच्या फोनवरून म्हणालात ये म्हणून. किती दिवसांनी तुमचा आवाज मोकळा वाटला. गाडीत बसलेय, डॉक्टर स्वतः तपासणार आहेत ना?

मी कोणाशी बोललो नाही. सकाळपासून एक शब्द नाही.

परत मेसेज केला. उतर. जिथे असशील तिथे उतर — गेला नाही. पुन्हा — जात नाही —

दुपार

खाली रस्त्यावर गाडी. ती उतरतेय. एक हात पोटावर. ते दारात उभे, गळ्यात नळी.

खिडकीतून हाक मारली. जीव खाऊन मारली. तिनं वर बघितलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून हसली, मला बघून हसते तशी. पुन्हा मारली. पुन्हा त्यांच्याकडेच. म्हणजे माझी हाक त्यांच्या —