हललेले फोटो

प्रिय आत्या,

तुला वाचता येत नव्हतं, तरी दोनदा तपासून लिहितोय. तुझं वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलंय. मामांनी तुमच्या दोघांच्या खोलीत, बाजेसमोरच्या भिंतीला खिळा ठोकून ठेवलाय. फोटो मी द्यायचा आहे. आणि माझ्याकडे फोटो नाही!

नववीत माझी शाळा सुटली, तेव्हा परभणीच्या फोटोच्या दुकानात तूच मला कामाला लावलंस. तिथे दिवसभर मी गिऱ्हाइकांना सांगतो, "व्हॉट्सॲपवर आलेला नको, मूळ फोटो आणा. हा मोठा केला की फुटतो." फोटोतल्या डोळ्यांची कड पडद्यावर मोठी करून बघितल्याशिवाय मी एकही फोटो छापायला सोडत नाही.

तुझी मान सारखी डावी-उजवीकडे हलायची. ताडकळसच्या बाजारात बांगडीवाला चिडला होता, आठवतं? "मावशी, सारखं न्हाई न्हाई करायलात, मग हात कशाला पुढं केला?" किती हसलीस तू!

मी मोबाइल धरला की म्हणायचो, "आत्या, हलू नको ना."

"मी कुठं हलायलेय? तुझा मोबाइलच हलायलाय."

दर रविवारी मी मोबाइल साफ करायचो. हललेले फोटो छापायच्या कामाचे नाहीत, म्हणून पुसायचो. म्हणजे तुलाच पुसत होतो. एकदा तरी मला रागवायचं होतंस! पण तुला कुठे माहीत होतं?

एकच स्वच्छ फोटो उरलाय. दुपारी बाजेवर झोपलेली तू. झोपेत तेवढी तुझी मान थांबायची. पापणीचा केस न् केस दिसतो, भिंतभर केला तरी फुटणार नाही. चार दिवसांपूर्वी मामांना दाखवला. त्यांनी मोबाइल पार डोळ्यांजवळ नेला आणि परत माझ्या हातात दिला.

"ही नको रे. त्या दिवशी अशीच दिसली होती."

मी तो बंद करून पुढचा उघडला.

दुसरा आहे तो ताईच्या लग्नातला, व्हॉट्सॲपवर आलेला. ज्याने काढला, त्याचा मोबाइल येलदरी धरणाच्या पाण्यात गेला. मागच्या रांगेत तू, हरभऱ्याएवढा चेहरा, तोही हललेला. मी म्हणालो, "मामा, हा बोटाच्या पेराएवढाच नीट निघेल."

"तेवढा मला दिसायचा न्हाई, गजू. बाजेवरून दिसंल एवढा कर."

मोठा केला. नाक, डोळे, कुंकू, सगळ्याचे नुसते चौकोन झाले. तीन दिवस बसलो, सगळं करून बघितलं. जे फोटोत आलंच नाही, ते मी कुठून आणू?

तुला शब्द देतो आत्या, तो फुटलेला फोटोच मी मामांच्या खिळ्याला लावीन. असा फोटो मी आजवर दुकानाबाहेर जाऊ दिलेला नाही. मामांची नजर अधू आहे, बाजेवरून त्यांना कदाचित तू दिसशील. मला चौकोनच दिसतील. तरी आता हा पुसणार नाही.

तुझा भाचा,
गजू