वाळूचा रुमाल

२ फेब्रुवारी
सिल्वासाला सुखरूप पोचलो. टोकरखाड्यातली कावेरीताईची खोली लहान, पण उजेड भरपूर. बारकूदाजींनी मसाटच्या सूत कारखान्यात माझं काम पक्कं केलं आहे. भाची गुड्डी सहा वर्षांची. मामा किती दिवस राहणार, हे तिने चार वेळा विचारलं. ताई-दाजींना सर्दी आहे, म्हणून गुड्डीचा पेला आणि टॉवेल मी वेगळा केला. दाजी म्हणाले, साबण विकायला आलास की कामाला?

७ फेब्रुवारी
मलाही सर्दी झाली. गुड्डी मात्र ठणठणीत. मी दाराजवळ बसून जेवतो. चाळीत तापाची साथ आली आहे. शेजारच्या सरुबाईंचा संजू दवाखान्यात आहे. आमच्याकडे कुणालाच ताप नाही.

११ फेब्रुवारी
संजू गेला. सरुबाई त्याच्या स्वेटरवरचे लोकरीचे गोळे वेचत बसल्या आहेत.
कारखान्यातल्या नर्स दुर्गाताईंना विचारलं, ताप आमची खोली कसा टाळतो? त्या म्हणाल्या, सर्दीचा विषाणू अंगात असला की शरीर सावध असतं, दुसऱ्या विषाणूला काही दिवस सहसा शिरू देत नाही. पण यावर विसंबू नकोस, हे काही औषध नव्हे, असंही म्हणाल्या.
म्हणजे ज्या सर्दीपासून मी गुड्डीला जपलं, तिनेच तिला तापापासून वाचवलं असतं —

१३ फेब्रुवारी
घरात आता कुणीच शिंकत नाही.
शेजारच्या मशीनवरचा वाळू सकाळपासून शिंकत होता. सुताचे तंतू नाकात जाऊ नयेत म्हणून आम्ही तोंडाला रुमाल बांधतो. धुऊन आणतो म्हणून त्याचा मागून घेतला. वाळू म्हणाला, माझी बायको व्हायचंय का रे? सगळे हसले. मीही हसलो.
संध्याकाळी, गुड्डीला सर्दी लागावी म्हणून, तो तिच्या नाकाला धरला. मामा, घाण वास येतो, म्हणाली. आईला सांगू नको, असं तिच्याकडून वदवून घेतलं.

१५ फेब्रुवारी
वाळू कामावर आला नाही. ती सर्दी नव्हती. ताप — तोच.

१६ फेब्रुवारी
गुड्डीचं अंग भाजतंय.

१७ फेब्रुवारी
दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, कुणा आजाऱ्याजवळ गेली होती का? ताई नाही म्हणाली. दाजी माझ्याकडे बोट करून म्हणाले, या नवनाथने तर हिला तळहातावर जपलं. मी —

१८ फेब्रुवारी
धाप. डोळे उघडले. ताईला म्हणाली, आई, मामाने — आणि खोकला.
ताई नर्सला बोलवायला धावली. मी एकटाच जवळ. गुड्डीचे ओठ हलत होते.
तिने बोलूच नये, असं मनात आलं. एकदाच. आणि तिचे ओठ खरंच थांबले. श्वासही —