कंबरेचं माप कुणी फोडलं

४ मार्च
घात झाला! शाळेच्या मोठ्या बाई दुकानात येऊन कडाडल्या — "माझ्या कंबरेचं माप सगळ्या गल्लीला कसं कळलं? समोरच्या न्हाव्याची बायको मला वजन उतरवायचे उपाय सांगते!" आम्ही शिंपी. गिऱ्हाइकांची मापं कॉम्प्युटरात असतात. शाळेचे सगळे गणवेश आम्हीच शिवतो. बाई म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर गणवेश दुसरीकडे.

५ मार्च
कॉम्प्युटर भावजींनी बसवलेला. विंडोजचा. पोरीने लगेच काकाला धरलं. "सगळं जग हेच वापरतं, म्हणून चोरही इथेच जास्त. त्यात तुम्ही अपडेट आलं की 'नंतर' दाबता!"
भावजी लालबुंद. "वहिनी, यात पहारेकरी आतच असतो! हिचं लिनक्स कुणीही उघडून बघावं."
"उघडं आहे म्हणूनच चुका सापडतात, काका!"
मला एवढंच कळलं — विंडोज म्हणजे तयार शर्ट, ज्याच्या त्याच्या अंगात तोच. लिनक्सची शिवण उलटी करून कुणीही तपासावी. दोघांना अजून थोडं पेटवलं आणि मशीनवर बसले. फुकट करमणूक!

७ मार्च
मापं पोरीच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरात गेली. काही नवं घालायचं तर आधी पासवर्ड मागतं. माझी सासू बरी!

१० मार्च
नर्सबाईंचं माप फुटलं. लिनक्सवर असताना! भावजी नाचायचे बाकी. पोरगी नखं खातेय. मी म्हटलं, "आता ते सफरचंदवालं आणा, तेवढंच राहिलंय."
नर्सबाई हसून गेल्या. मोठ्या बाई हसणार नाहीत.

१२ मार्च
वीज नाही. दोन्ही कॉम्प्युटर मढ्यासारखे गप्प. टपालवाल्याचं माप घेतलं. नेहमीसारखी मी पडद्याआडून आकडे ओरडत होते, पोरगी बाहेर टेबलाशी कागदावर उतरवत होती. रस्त्यापलीकडून न्हावी ओरडला, हातातला वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर तसाच — "टपालवाले, पोट सुटलं की हो!"
पोरगी माझ्याकडे बघतेय. भावजी माझ्याकडे बघतायत.
"बघता काय? पायमशीनच्या खडखडाटात हळू बोललेलं ऐकू येतं का कुणाला?"

१३ मार्च
काका-पुतणीची एकी झाली. माझ्याविरुद्ध! पोरगी म्हणते, "आई, तुझ्यावर कुठलंच अपडेट चालत नाही." उद्या मोठ्या बाई नव्या ड्रेसचं माप द्यायला येणार. हळू बोलायचा सराव केला. तिसऱ्या आकड्याला आवाज चढलाच. जमणार नाही.

१४ मार्च
मोठ्या बाई पडद्याआड. मी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडले — "कंबर तीस!" आणि पडद्याबाहेर हात काढून पोरीला खरा आकडा बोटांनी दाखवला — चार, परत चार. समोर वस्तरा थांबला.
बाई आरशात बघत म्हणाल्या, "गणवेश तुमच्याकडेच. आणि ते कंबरेचं — परत एकदा ओरडा बघू."