खैरघाटचे तीनशे

१ जानेवारी २००२, मंगळवार

त्रेसष्ट गाड्या! राजेगाव रस्त्याच्या फाट्यापासून घाटापर्यंत मी स्वतः चालत जाऊन मोजल्या. गोंदियाच्या, दुर्ग-भिलाईच्या, एक तर थेट नागपूरची, पडदेवाली. पाच वर्षांपूर्वी बालाघाटच्या स्टँडवर खैरघाट म्हटलं की लोक विचारायचे, ते कुठं आलं? आता माझ्या मिनीबसमध्ये उभं राहायला जागा नाही. आज तीन फेऱ्या झाल्या. लोक डोंग्यात बसून नदीतल्या बेटावर महादेवाला जातात, वाळूत चुली मांडतात, डोहात डुंबतात आणि संध्याकाळी गावाचं कौतुक करत परततात.

माझी बायको साधना सरपंच होऊन दोन वर्षं होत आली. सीट बायकांची निघाली म्हणून घरातून तिला उभं केलं – म्हणजे मीच केलं. कागद, शिक्का, जनपदच्या, म्हणजे तालुका पंचायतीच्या, चकरा सगळं मी पाहतो. गर्दीचं श्रेयसुद्धा लोक मलाच देतात. कोणाला सांगणार नाही, पण छाती फुगते!

साधना मात्र घाटावरून आली ती म्हणाली, "आज आपल्या गावची एकबी बाई नदीवर गेली नाही. उभं राहाले जागा नोती."

मी म्हटलं, वर्षाचा पहिला दिवस आहे. चालायचंच.

६ जानेवारी, रविवार

साधनानं घाटावरून अकरा पोती कचरा गोळा केला. मला हात लावा म्हणाली नाही. मीही लावला नाही.

१४ जानेवारी, सोमवार

आज घडलं ते लिहितो.

संक्रांतीची आंघोळ. घाटावर मुंगीला वाट नाही. माझ्या गाडीतून भिलाईचे लोक आले होते, सगळे एकाच कंपनीतले, बायका-मुलींसकट. चैतराम आमचा डोंगेवाला. त्याच्या डोंग्यात आठ माणसं बसतात. भिलाईवाले म्हणाले, "भैया, एक ही बार में ले चलो." चैतराम नाही म्हणत होता. मला पुढच्या फेरीची घाई. मी म्हणालो, "ने ना रे, दहा मिनिटांचं तर काम हाय."

सतरा माणसं बसली.

बेट हाताच्या अंतरावर असताना डोंगा कलला. कोणीतरी फोटोसाठी उभं राहिलं म्हणतात. मी काठावरून पाहिलं – एका क्षणी माणसं होती, दुसऱ्या क्षणी नुसते हात. चैतराम पाण्यात होताच. त्याची बायको अनुसया दुसऱ्या डोंग्यातून लुगड्यासकट उडी टाकून आली. दोघांनी एकेकाला ओढून काढलं. शेवटची एक मुलगी, निळ्या स्वेटरची, अठरा-एकोणीस वर्षांची. तिचा श्वास चालत नव्हता.

साधनानं तिला वाळूवर निजवलं. छाती दाबली, तोंडात फुंकर घातली, पुन्हा दाबली. मागच्या साली आरोग्य शिबिरात शिकून आली होती. घरी उशीवर करून दाखवलं तेव्हा मी हसलो होतो! आज शंभर माणसं सभोवती नुसती उभी, आणि ती एकटी मोजत होती – एक, दोन, तीन... मुलगी खोकली. पाणी ओकली. तिची आई साधनाच्या पायावरच पडली.

सतरा गेले होते, सतरा परत आले. चैतरामचा खांदा निखळला.

साधनानं विचारलं, "इतके कोनं बसवले?" चैतराम खाली पाहत राहिला. माझं नाव घेईना. मीच म्हणालो, "म्या."



१५ जानेवारी, मंगळवार

सकाळी भाकर थापता थापता म्हणाली, "दिवसाले तीनशे. त्याच्यावर एक मानूस नाही."

मला वाटलं रागात बोलते आहे. नाही. तिनं सगळा विचार केला होता. डोंग्यात आठ, बेटावर एका वेळी पन्नास, दिवसभरात तीनशे. गाड्या फाट्यावरच थांबतील, पुढचे दोन किलोमीटर पायी.

मी भडकलो. "आपलीच गाडी घरी बसंल ना! आपल्या मयुरीचं कॉलेज हाय औंदा. लोक येऊन राह्यले, गाव वर येऊन राह्यलं, अन् तू दार लावतं?"

"काल ते पोरगी गेली असती, तं तुमाले आज गाडी चालवता आली असती का?"

भाकर अर्धी टाकून उठलो.

२६ जानेवारी, शनिवार

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. दरवेळी मी बोलतो, साधना शेजारी बसते. आज मी उठलो तर म्हणाली, "तुमी बसा. सरपंच मी हाव."

हशा झाला. मी बसलो.

उपसरपंच हिरालाल – घाटावर त्याची नाश्त्याची चार दुकानं – तावातावानं म्हणाला, "महादेव काही पंचायतीचा नाही, बाई. दर्शनाले नंबर लावता काय?"

"दर्शन कोनाचं बंद नाही. तीनशे झाले का बाकीच्याईनं दुसऱ्या दिवशी यावं. नदी कुठं पळून जाते? पन संक्रांतीले ते पोरगी मेली असती, तं कोनतं तोंड घेऊन गेलो असतो आपुन महादेवापुढं?" मग बायकांकडे वळून म्हणाली, "सांगा, या महिन्यात रविवारी कोन नदीवर गेलं?" एकही हात वर नाही. "अन् ज्याईले नदी आपली परत पायजे, त्याईनं करा हात वर."

बायकांचे सगळे. पुरुषांचे निम्मे. चैतरामनं गळ्यात बांधलेला हात सोडून दुसरा वर केला.

माझा हात मांडीवरच राहिला. इथं तरी खरं लिहितो.

पण ती बोलत होती तेव्हा आवाज कापत नव्हता. तिचा इतका मोठा आवाज मी लग्नाच्या वीस वर्षांत ऐकला नव्हता.

३ फेब्रुवारी, रविवार

नियमाचा पहिला रविवार. फाट्यावर बांबू आडवा. पत्र्याचे गोल बिल्ले, एकपासून तीनशेपर्यंत आकडे रंगवलेले. येणाऱ्यानं बिल्ला गळ्यात घालायचा, जाताना परत द्यायचा.

मी अकराला पोचलो, गाडीत अठ्ठावीस जण. मुद्दामच सांगून आणले होते की काही होत नाही, चला. नाक्यावर साधना स्वतः उभी.

मागून एकानं म्हटलंच, "अरे, ड्राइवर साहब की तो घरवाली है सरपंच!"

मी खिडकीतून वाकलो. "अवं, मी हाव."

"दिसून राह्यलं. तीनशे झाले."

"अठ्ठावीसच तं हायेत."

"उद्या आना. उद्या पयले तुमाले सोडीन."

बांबू हलला नाही. त्या चिंचोळ्या रस्त्यावर गाडी वळवायला मला पाच वेळा मागेपुढे करावं लागलं. अख्खा फाटा पाहत होता. कान तापून लाल! हिरालाल त्याच्या स्कूटरवर बसून हसत होता.

परत जाताना गाडीत शिव्या, कुरकुर. पुढच्या सीटवर गोंदियाचे एक निवृत्त हेडमास्तर होते. ते एवढंच म्हणाले, "नवऱ्याची गाडी परत पाठवली म्हणजे नियम खरा आहे. मी उद्या येतो."

मी गियर बदलला.

४ फेब्रुवारी, सोमवार

घरात बोलणं बंद. हेडमास्तर मात्र आले! बायकोला घेऊन, सकाळच्या एस.टी.नं राजेगावपर्यंत, पुढं पायी.

१७ फेब्रुवारी, रविवार

लोकांच्या डोक्याला तोड नाही!

तीनशे झाले की उरलेले सगळे गावचे पाहुणे निघतात. कोणाचा मामा इथला, कोणाची मावशी. आज नागपूरचे एक गृहस्थ म्हणाले, मी चैतरामचा साडू. चैतराम तिथंच उभा होता. त्यानं विचारलं, "मंग सांगा, मायी बायको कोन्या गावची?" गृहस्थ आकाशाकडे पाहायला लागले. सगळा नाका हसला – ते स्वतःसुद्धा.

साधना म्हणाली, "पाहुने हा ना? मंग पाहुन्यावानी राहा. चैतरामच्या घरी जेवा, झोपा, उद्या सकाळी बिल्ला घ्या." आणि ते राहिले! अनुसयानं तांदळाची भाकर आणि वांग्याची भाजी घातली.

एका ट्रिपवाल्यानं पहाटेच माणूस पाठवून पन्नास बिल्ले उचलायचा प्रयत्न केला. आता ज्याचा गळा त्याचाच बिल्ला. बालाघाटच्या कॉलेजची पोरं सायकलींवर सातलाच हजर. कोणी मंगळवारी येतं, कोणी बुधवारी. रविवारी चिडून परत गेलेली माणसं आठवड्यात हसत येतात.

मी हे सगळं लांबून पाहिलं. झाडाखाली गाडी लावून.

२४ फेब्रुवारी, रविवार

नियम फक्त आमच्या घाटाला. खाली, नदीकाठच्याच नवेघाटला काही बंधन नाही. मी आज दोन फेऱ्या तिकडे नेल्या. धंदा चांगला झाला. वाळूवर पाय ठेवायला जागा नव्हती, पाण्यावर पत्रावळ्या तरंगत होत्या.

घरी सांगितलं नाही. पण मैत्रिणींकडून मयुरीला कळलंच. ती आतापर्यंत माझ्या बाजूनं होती. दारात उभी राहून म्हणाली, "पप्पा, तुमीबी?"

जेवलो नाही.

४ मार्च, सोमवार

आठवडाभर एक गोष्ट डोक्यात घोळत होती. आज केली.

फाट्यावर एस.टी.डी.चा बूथ आहे. बालाघाट स्टँडवर माझ्या ओळखीचा दुलीचंद पानवाला, त्याच्याकडेही फोन. त्याच्या टपरीवर मी एक पाटी टांगली. 'खैरघाट – आज जागा' आणि खाली खडूनं आकडा. चैतराम खांद्यामुळे अजून डोंगा चालवत नाही, म्हणून तो नाक्यावर बसतो. तो दर तासाला फोन करतो, दुलीचंद आकडा पुसून नवा लिहितो. जागा असेल तेवढीच माणसं मी गाडीत घेतो. नसेल तर सांगतो, परवा चला.

आजच तीन जणांनी पाटी वाचून उद्याची सीट धरली!

साधनाला मीच सांगितलं. महिन्यानं सरळ बोललो. ती म्हणाली, "हिंदीतबी लिवा. दुर्गवाल्याले मराठी वाचता येत नाही."

लिहिलं.

१२ मार्च, मंगळवार

महाशिवरात्र. हिरालाल सगळीकडे सांगत होता, आज बांबू मोडणार. आजपुरती हजार माणसं ठरवली होती, पण घाटावर एका वेळी तीनशेच. बाकीचे फाट्यावर आंब्याखाली बसले. भजन म्हणत! एक गट परतला की दुसरा उठायचा. कोणी ढकललं नाही. दुपारी दुर्गची एक म्हातारी बेटावरून आली, बिल्ला साधनाच्या हातात देऊन म्हणाली, "बेटी, पहली बार महादेव को ठीक से देखा."

साधनानं तोंड फिरवलं. मला दिसलं.

२० मार्च, बुधवार

अविश्वास प्रस्ताव. आणलेला हिरालालनंच. पंधरा पंच. तिला पाडायला बारा मतं पाहिजेत, आणि बारा आपल्या खिशात आहेत असं तो आठवडाभर सांगत होता.

मतदान शाळेत होतं. सकाळी शाळेच्या फाटकापाशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "नंदू, तू समजाव तिले. राजीनामा देईल तं तुयी गाडी रोज घाटाच्या पायरीपर्यंत. बाकी सगळ्या फाट्यावर, फक्त तुयी आत."

दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर काय केलं असतं, देव जाणे. आज माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सरपंच ते हाय. तिलेच विचार."

तहसीलचे साहेब आले. मी सवयीनं आत शिरलो तर म्हणाले, "आप कौन? पंच हैं? नहीं? तो बाहर।" बाहेर आलो. निंबाखाली शंभर-दोनशे लोक. जनावरं सोडून बायका आलेल्या. मी त्यांच्यातच बसलो. एक तास असा गेला की विचारू नका.

अनुसया पंच आहे. ती सगळ्यांत आधी बाहेर आली. दोन्ही हातांची सहा बोटं वर धरून. प्रस्तावाच्या बाजूनं फक्त सहा! हिरालालच्या खिशातले सहा जण आतल्या आत निसटले होते. बायकांनी कल्लोळ केला. चैतराम दुखऱ्या खांद्यानं टाळ्या वाजवत होता, कळवळत आणि हसत.

साधना शेवटी आली. मला वाटलं आता रडेल. पदर खोचला आणि म्हणाली, "चला फाट्यावर. नाक्यावर कोनीच नाही, गाड्या आल्या असतील."

मी गाडी काढली. ती पुढच्या सीटवर बसली. वाटेत मी म्हणालो, "छब्बीस जानेवारीले मी हात वर नोता केला." ती म्हणाली, "पाह्यलं होतं म्या." गाडी चालवताना रस्ता धूसर दिसत होता. अशा बाईला मी उभं केलं म्हणत होतो – मी! ती उभीच होती. मी तिच्यासमोरून बाजूला झालो, एवढंच.

२३ डिसेंबर २००४, गुरुवार

सरपंचाची सीट या खेपेला सगळ्यांसाठी खुली निघाली. सकाळी सात जण आले, हिरालाल सगळ्यांत पुढं. "नंदूभाऊ, आता तुमी उभे राहा. कोनी आडवं येत नाही." मी साधनाकडे पाहिलं. तिनं फॉर्म पुढं ठेवले, दोन. सरपंचासाठी अनुसयाबाईचा. आणि जनपद पंचायतीसाठी तिचा स्वतःचा, नदीकाठची सगळी गावं, नवेघाट धरून. सात जण चहा न घेताच उठले. दुपारी बसच्या कपाळावर दोघींची नावं रंगवून घेतली. खाली, बारीक अक्षरात, माझं – चालक.