अकरा घासलेले बिल्ले

मी, काशीनाथ वामन सावे, वय बहात्तर, राहणार डहाणू, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. मला कोणाचा धाक नाही, कोणाची भीड नाही आणि माझे डोके ठिकाणावर आहे. चिरंजीव सदूचे याविषयी मत निराळे आहे. ते त्याने आपल्यापाशी ठेवावे.

१. घर व चिकूची वाडी सदूला.

२. कापड बेतायची माझी मोठी कात्री शेजारी हरिश्चंद्र चुरी यांनी १९५१ साली दोन दिवसांसाठी नेली. ती त्यांनाच दिली असे समजावे. आता तरी धार लावून घ्यावी.

३. देवळालीच्या छावणीत मी बावीस वर्षे लष्करी अधिकाऱ्यांच्या वर्द्या बेतल्या. गोरे साहेब गेले आणि वर्द्या जुन्या बाजारात आल्या. तेथून मी खांद्यावरचे तारे, मुकुट, टोप्यांचे बिल्ले जमवले. एकूण तीनशे बारा. लोक पुढची बाजू बघतात. मी पाठ बघतो, कारण घडवणाऱ्याचा छाप तेथे असतो आणि त्याचे नाव दुसरीकडे कोठेच राहत नाही.

सदू म्हणतो, "बाबा, एवढ्या पितळेत देवळाची घंटा होईल." होणार नाही. घंटा हवी तर चिकू विकून आणावी. त्याने एक जरी बिल्ला वितळवला, तर कलम १ रद्द समजून घर व वाडी त्याच्या बायकोला द्यावी.

४. बिल्ल्यांची पेटी, भिंग व घडवणाऱ्यांच्या नावांची वही माझी सून नर्मदा हिला. सदूला नवल वाटेल, वाटू दे. १९५८ च्या खंडेनवमीला, लष्करी चीज म्हणजे हत्यारच, असे समजून तिने अकरा बिल्ले चिंच-राखेने घासले आणि कोयत्याशेजारी पूजेत मांडले. "मामंजी, कसे लखलखतात बघा!" सोन्याचा मुलामा गेला, पाठीवरची नावेही गेली. आठ महिने मी तिच्याशी बोललो नाही. ती मात्र रोज दुपारी भिंग घेऊन बसली आणि उरल्यासुरल्या रेषांवरून सात नावे तिने शोधून काढली. मला तीनही लागली नसती. राहिलेल्या चारांना तिने आपल्या हाताने चिठ्ठी बांधली: "घडवणारा ठाऊक नाही. नाव पुसणारी, नर्मदा सावे." त्या दिवशी मी तिच्याकडे चहा मागितला. ही चिठ्ठी कोणीही सोडू नये.

५. दर खंडेनवमीला पेटी पूजेत मांडावी. झेंडू वाहावा. घासू नये.

डहाणू, ता. ९ मार्च १९६३
(सही) काशीनाथ वामन सावे

साक्षीदार:
चैत्या जिव्या, वाडीवर माझ्याबरोबर पंधरा वर्षे (डावा अंगठा)
हरिश्चंद्र चुरी (सही, कलम २ वाचून)