वरणाची पळी

अड्याळ, मंगळवार, १२ ऑगस्ट

आईच्या हृदयात स्टेंट बसवून आठ दिवस झाले. आज जेवायच्या वेळी मोठीआई, म्हणजे आईची थोरली जाऊ, म्हणाली, "तिच्या माहेरचं रक्तच खराब. पोरीलेबी लागन."

रक्त! वीस वर्षं वरणाची पळी मोठीआईच्या हातात आहे. आधी पुरुष, मग ती, शेवटी आई. तिच्यापर्यंत वरण उरायचंच नाही; आईला भात, मीठ, मिरची. जनुकं माहेरची, मान्य. पण कोणतं जनुक जागं राहील आणि कोणतं झोपेल, यात रोजच्या ताटाचाही हात असतो. आईच्या बाबतीत हे सिद्ध करता येईल का? नाही. तरीही.

मोठीआईचं रक्त काल मीच, मी काम करते त्या लॅबमध्ये, तपासलं होतं. दोनदा. मी एक आकडाही बदलला नाही, गरजच नव्हती.

"मोठीआई, तुझं कोलेस्टेरॉल आईपेक्षा जास्त आहे. मग तुझ्या माहेरचं रक्त कसं म्हणायचं?"

"मले काहून सांगून राहिली?"

मी पळी तिच्या हातातून घेऊन आईला दिली. सवयीनं आई मोठीआईच्याच ताटाकडे वळली. मी तिचं मनगट धरलं. "आधी तुझं. आणि सावकाश जेव."

मोठीआई रिकाम्या ताटासमोर बसून राहिली. मी घड्याळ लावलं होतं. आईचं जेवण होईपर्यंत अकरा मिनिटं.

वीस वर्षांच्या मानानं फार नाहीत. उद्या पुन्हा.