मागची सीट नसलेली गाडी

आप्पा, मी गाडी घ्यायच्या विचारात आहे आणि जीव थाऱ्यावर नाही. सुरतेच्या माझ्या ऑफिसातला एकजण परदेशी चालला आहे, त्याची छोटी, महागडी स्पोर्ट्स कार विकतो आहे. शनिवार-रविवार चालवून बघ म्हणाला. हो की नाही, उद्या सांगायचं आहे. शाळेत घालायच्या आधीच तुम्ही मला ओट्यावर बसवून शिकवलं होतं, वस्तू घेताना आधी गुण बोलायचे, मग खोडी, आणि दोन्हींना आवाज सारखाच ठेवायचा. तर ऐका.

कोंडाईबारीच्या घाटात वळण मनात येतं तोवर ती वळलेली असते. ब्रेक असे, की कापसाचा ट्रॅक्टर अचानक आडवा आला तरी मी किंचाळले नाही. आणि मी तर कशानेही किंचाळते. पण गाडीचं पोट जमिनीला टेकलेलं. रनाळ्याच्या गतिरोधकावर तिरकी चढवली तरी घासलीच, तो आवाज अजून कानात आहे. स्टेपनी नाही. सर्व्हिसला सुरतच. आई आत बसली आणि म्हणाली, "हाई गाडी शे का घमेलं? बसता येस, उठता येत नही." शिवाय मागे सीटच नाही.

तुमच्या जीपमध्ये मी कायम गिअरशेजारी. मांडीवर कुणाची तरी टोपली, कधी कुणाचं रडकं पोर. रस्त्यात हात दिसला की तुम्ही थांबता. एकदा मी कुरकुरले, आता जागा नाही. तुम्ही गाडी बंद केलीत. "जागा ऱ्हात नही बेटा, करनी पडस. सरकी बस." मी सरकले. तेव्हापासून सरकतेच आहे, आप्पा. ऑफिसात, खोलीवर, घरी.

काल आईला घेऊन नंदुरबारला निघाले. फाट्यावर एका बाईने हात केला, कडेवर पोर. तुमच्या सवयीने पाय ब्रेकवर गेला. काच खाली केली. आई तर लगेच दाराकडे सरकलीही, जणू मध्ये कुणी मावणार होतं. मी म्हटलं, "मावशी, जागा नही शे." बाईने वाकून आत पाहिलं आणि हसली. "इतली भारी गाडी, नि दोनच जण? आमनी रिक्षा बरी." आई परत आपल्या जागेवर सरकली. मी मात्र पुन्हा पुन्हा स्वतःला तपासत होते. खोटं बोलले नव्हते. जागा खरोखरच नव्हती, आणि करताही आली नसती.

मला वाईट वाटायला हवं होतं. मी त्याची वाट पाहिली, पार नंदुरबार येईपर्यंत. मोकळं वाटत होतं.

उद्या हो म्हणणार आहे. मागे सीट नाही, हे मी वर खोडीत धरलं. ते तिथलं नव्हे. आईने कारण विचारलं तर ब्रेक चांगले आहेत म्हणून सांगेन. ते आहेतही चांगले.